वडिलांचा व्यवसाय

द्वितीय वर्ष, कला

महाविद्यालयात प्रवेश घेताना जो अर्ज भरावा लागतो त्यात एक रकाना असतो : 'वडिलांचा व्यवसाय'. हा रकाना मी आतापर्यंत दोनदा भरला आहे. पहिल्या वर्षी 'मजुरी' असे लिहिले, दुसऱ्या वर्षी 'नोकरी' असे लिहिले. दोन्ही वेळा हात क्षणभर थांबला होता आणि मागे रांग खोळंबली आहे या सबबीवर मी पुढच्या रकान्याकडे वळलो होतो. आमच्या घरात अर्ज भरणारा मीच पहिला, त्यामुळे तो वाचून पाहणारे, चूक दाखवणारे कुणी नव्हते. आज मी त्या रकान्याविषयीच लिहिणार आहे. पण त्यासाठी आधी एका गादीची हकीकत सांगावी लागेल.

आम्ही पिंजारी. माझे आजोबा करमाळा तालुक्यातल्या गावांतून पिंजण खांद्यावर टाकून फिरत. अब्बा लग्नानंतर पुण्याला आले, हडपसरला राहिले आणि तेच पिंजण घेऊन पेठापेठांतून हिंडू लागले. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीचे एक लाकडी धनुष्य. त्याला आतड्याची तात ताणून बांधलेली असते. कापसाच्या ढिगात ती तात धरायची आणि लाकडी दस्त्याने तिच्यावर ठोका द्यायचा. तात थरथरते आणि गठ्ठा झालेला कापूस धाग्याधाग्याने मोकळा होऊन उडू लागतो. अब्बा रस्त्याने चालताना तातीवर नुसते बोट मारीत. 'टंय् टंय्' असा तो आवाज वाड्याच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जाई. वेगळी आरोळी द्यावी लागत नसे.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जाई. जुनी गादी अंगणात आडवी पडे. अब्बा तिचे टाके उसवीत, खोळ घरच्या बाईकडे धुवायला देत आणि आतला कापूस उन्हात पसरीत. वर्षानुवर्षे एकाच जागी झोपणाऱ्याच्या अंगाने त्या कापसाच्या अक्षरशः भाकऱ्या झालेल्या असत. त्या काठीने झोडायच्या, मग पिंजायच्या. एका गादीला दहाबारा किलो कापूस. दुपारपर्यंत अंगणात बर्फ पडल्यासारखे होई आणि आम्ही दोघे पांढऱ्या भुवयांचे म्हातारे दिसू लागू. संध्याकाळी कापूस पुन्हा खोळीत भरून, काठीने सारखा करून, दाभणाने टाके घालायचे. दाभण ओवून देणे हे माझे काम. गादी तयार झाली की अब्बा तिच्यावरून एकदा तळहात फिरवीत आणि म्हणत, "झाली कोरी."

मी सहावीत जाईपर्यंत हे चालले. मग अंगणेच राहिली नाहीत. वाडे पाडून इमारती झाल्या. इमारतीच्या वाहनतळात कापूस उडवू देईना कुणी. ज्यांच्या गाद्या अब्बांनी तीन-तीनदा पिंजल्या होत्या त्यांच्या घरी फोमच्या गाद्या आल्या. त्यातच अब्बांना दम लागू लागला. इतकी वर्षे कापसाची धूळ छातीत गेली होती, तिचाच हा परिणाम, असे डॉक्टरांनी सांगितले. २०२०च्या टाळेबंदीत तर बाहेरच्या माणसाला दारातही उभे करीनात. त्या वर्षी अब्बांनी पिंजण घराच्या आढ्याला टांगले आणि एका गृहनिर्माण संस्थेत रात्रपाळीचे पहारेकरी झाले.

प्रथम वर्षाला असताना हिंदीच्या तासाला सरांनी सांगितले की, संत दादू दयाल हे पिंजारी होते अशी परंपरा आहे. मी धावतच घरी आलो आणि अब्बांना ते सांगितले. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि विचारले, "त्यांच्या वेळेला मजुरी काय मिळायची?"

आता माझ्याविषयी. गेल्या वर्षीपासून मी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी एका ठिकाणी काम करतो. सोफे, गालिचे आणि गाद्या लोकांच्या घरी जाऊन स्वच्छ करून देण्याचा तो धंदा आहे. दिवसाला पाचशे रुपये मिळतात. त्यात माझी फी, पुस्तके आणि बसचा पास भागतो. घरी मात्र मी सांगितले होते की, एका कार्यालयात हिशेब लिहितो. वर्गातल्या मित्रांनाही तेच. मित्रांपासून का लपवले हे सांगायला नको. अब्बांपासून लपवण्याचे कारण वेगळे होते. ज्या गाद्यांनी त्यांच्या हातातले पिंजण काढून घेतले त्याच गाद्या मी पुसत होतो, आणि त्याचे पैसे घरात आणत होतो.

त्या गाद्यांतली सर्वांत महाग जात म्हणजे 'मेमरी फोम'. नाव ऐकून मला कुतूहल वाटले म्हणून ग्रंथालयात बसून थोडी माहिती काढली. १९६६ साली अमेरिकेत चार्ल्स योस्ट नावाच्या अभियंत्याने 'नासा'च्या एम्स संशोधन केंद्रासाठी हा फोम तयार केला. विमानातल्या आसनांना धक्का शोषून घेणारी गादी हवी होती, त्यासाठी. पलंगावर तो बऱ्याच उशिरा आला. स्वीडनमधल्या एका कारखान्याने १९९१ साली त्याची गादी बाजारात आणली. अंगाच्या उबेने आणि भाराने तो मऊ होतो, शरीराचा आकार घेतो आणि भार काढला की सावकाश पूर्ववत होतो. हाताचा पंजा दाबून उचला, पाचही बोटे काही क्षण तशीच उमटलेली दिसतात. मग हळूहळू बुजतात. नाव 'मेमरी' असले तरी तो लक्षात ठेवतो तो स्वतःचा आकार. आपला पंजा तो क्षणात विसरतो. कापसाची गादी याच्या नेमकी उलट. ती झोपणाऱ्याला विसरत नाही. तिला विसरायला लावण्यासाठीच पिंजारी बोलवावा लागतो.

ही गादी स्वच्छ करण्याची रीत मला पहिल्या दोन दिवसांत शिकवली गेली. वरची खोळ साखळी उघडून काढायची आणि धुवायला द्यायची. मग उघड्या फोमवरून धूळ ओढणारे यंत्र संथपणे फिरवायचे, आधी उभे, मग आडवे, शिवणी आणि कडा शेवटी. या धुळीत माणसाच्या कातडीचे कण असतात आणि ते खाऊन जगणारे, डोळ्यांना न दिसणारे कीटक असतात. त्यांचा आणि दम्याचा संबंध १९६४च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडन येथील संशोधकांनी दाखवून दिला. यंत्राच्या भांड्यात जमलेली राखाडी भुकटी दाखवली की गिऱ्हाईक गप्प होते. त्यानंतर डाग. डाग घासायचा नाही, टिपायचा. रक्ताला थंड पाणी. गरम पाण्याने ते पक्के होते. लघवीच्या डागाला विकरे असलेले द्रावण, तेही गादीवर ओतायचे नाही, फडक्यावर घेऊन लावायचे. मग खाण्याचा सोडा भुरभुरून काही तास ठेवायचा आणि पुन्हा ओढून घ्यायचा. शेवटी पंखा.

आणि सर्वांत मोठा नियम : या गादीला भिजवायचे नाही. या फोममध्ये एकमेकींना जोडलेल्या असंख्य बारीक पोकळ्या असतात. त्यांतून हवासुद्धा सावकाश जाते, म्हणूनच तर गादी हळूहळू वर येते. पाणी एकदा आत गेले की तेही तितक्याच सावकाशीने बाहेर येते. ते आत राहिले तर बुरशी धरते. पिळता येत नाही, कारण ओला फोम स्वतःच्याच वजनाने फाटतो. कडक उन्हात ठेवता येत नाही, कारण उन्हाने तो पिवळा पडून ठिसूळ होतो.

हे सारे मला पाठ होते. परीक्षेत विचारले असते तर दहापैकी दहा गुण मिळाले असते.

गेल्या जुलैतला एक रविवार. बाहेर झड लागली होती. बाणेरच्या एका घरी लहान मुलाच्या पलंगावरची गादी होती, सहा फूट बाय तीन फूट, सहा इंच जाडीची. मुलाने ती बऱ्याचदा ओली केली होती. नेहमी माझ्याबरोबर असणारे दादा त्या दिवशी आजारी होते, मी एकटाच होतो. दुसऱ्या दिवशी आमची अंतर्गत चाचणी होती आणि माझे एक प्रकरण वाचायचे राहिले होते. टिपत बसलो असतो तर दोन तास लागले असते. सोफ्यासाठी आमच्याकडे एक यंत्र असते, ते पाणी फवारते आणि लगेच ओढून घेते. मी मनाशी म्हटले, एकदा फिरवू. डाग फिका झाला. म्हणून आणखी एकदा फिरवले. मग आणखी एकदा.

घरच्या बाई आत आल्या आणि त्यांनी सहज हाताने गादी दाबून पाहिली. त्यांच्या बोटांभोवती पाणी वर आले.

त्या रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागले. त्यांनी मालकांना फोन केला. अर्ध्या तासात मालक टेंपो घेऊन आले. गादी चौदा हजारांची होती. माझ्या वर्षभराच्या फीपेक्षा ती रक्कम मोठी. बाईंनी मंगळवारी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. तोपर्यंत कोरडी आणि वास न येणारी गादी परत मिळाली तर ठीक, नाहीतर भरपाई. मालक मला म्हणाले, "भरपाई मी देईन. पण ती तुझ्या मजुरीतून फिटेल." त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. अठ्ठावीस रविवार होतात, हे मी टेंपोतच मोजले.

गादी फळीवर आडवी घालून आम्ही गोदामात आणली. यंत्राने पुष्कळ ओढले, पण वरचेच पाणी निघाले. आत किती आहे ते कळत नव्हते. मालक निघून गेले. मी गादीपुढे बसलो. पुस्तक पिशवीत होते, ते उघडण्याची इच्छा होईना. अखेर चार वाजता अब्बांना फोन केला. आधी गादीचे सांगितले, मग नोकरीचे खरे सांगितले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "घरात जुनी लुगडी आहेत. ती घेऊन येतो. तोवर तिला हात लावू नकोस. उभी तर मुळीच करू नकोस."

अब्बा आले. मला काही विचारले नाही. गादीभोवती एक फेरी मारली, वाकून तिचा वास घेतला आणि तळहात दाबून पाहिला. पंजा उमटला. तो बुजेपर्यंत ते पाहत राहिले.

"हीच का ती?" त्यांनी विचारले.

"हो."

"आत काय असतं?"

"रासायनिक फोम. खनिज तेलापासून करतात."

"ऊन चालतं?"

"नाही."

"वारा?"

"चालतो."

"मग झालं की. कापसाला दोन्ही लागतं, हिला एकच लागतंय."

गोदामात एक जुनी लोखंडी खाट होती, पट्ट्यांची. तिच्यावर गादी आडवी ठेवली, म्हणजे खालूनही हवा लागेल. अम्मीची जुनी सुती लुगडी चौघडी घडी करून वर अंथरली. अब्बांनी दोन्ही तळहात मधोमध टेकवले आणि सगळा भार देऊन सावकाश कडेकडे सरकवत नेला, घडीतले पाणी काढावे तसा. मी पायाने दाबू म्हणालो तर ओरडले. "टाचेनं तुटेल. सगळा पंजा लाव. वजन द्यायचं, धक्का द्यायचा नाही." लुगडे भिजले की बदलायचे, पिळायचे, पंख्यापुढे टाकायचे. मग गादी उलटायची, तीही फळीवर घेऊन. पहिली तीन लुगडी पाण्याने गच्च झाली. आठव्याला नुसती ओल लागली. तेव्हा साडेसात वाजले होते आणि अब्बांना धाप लागली होती.

"आता उभी कर," ते म्हणाले. "लांब बाजूवर. खाली दोन विटा घाल. भिंतीला चिकटवू नकोस. एक पंखा इकडून, एक तिकडून. दर तासाला खालची बाजू वर कर, पाणी नेहमी खाली बसतं."

मी म्हटले, "अब्बा, तुम्ही अशी गादी कधी पाहिली होती का?"

"नाही. पण ओली गादी पाहिली आहे," ते म्हणाले आणि कामावर निघाले. मी त्यांना खाटेवर जरा पडायला सांगितले होते. ते पडले नाहीत.

रात्रभर मी गोदामात राहिलो. दर तासाला उठून गादी फिरवली आणि मधल्या वेळात ते राहिलेले प्रकरण वाचले. सकाळी सात वाजता अब्बा पाळी संपवून, घरी न जाता, थेट तिथे आले. मी चाचणीला गेलो, ते गादीजवळ बसले. दुपारी परत आलो तेव्हा एका पंख्याची जागा त्यांनी बदललेली होती आणि माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती. आम्ही जेवलो. गादी कोरी दिसत होती. मालकांनी तिथे एक मोठी नवी गादी आडवी ठेवली होती. मी तिच्यावर टेकायला गेलो तर अब्बांनी दंडाला धरून उठवले.

"गिऱ्हाइकाची गादी आहे. टाके घालायला बसावं लागतं म्हणून बसायचं. पडायचं नाही. आपण पडलो की ती जुनी झाली."

मग ते आपणहून बोलू लागले. "ही जुनी झाली म्हणजे काय करतात?"

"टाकून देतात."

"पिंजता येत नाही?"

"नाही."

"खोळ बदलून?"

"आतलंच बसतं, अब्बा. पुन्हा वर येत नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "कापूस दर चारपाच वर्षांनी पिंजला की पुन्हा कोरा. आपल्या घरातली गादी तुझ्या आजीच्या लग्नातली आहे." नंतर, जणू कुणावर अन्याय होऊ नये म्हणून, त्यांनी पुढे जोडले, "पण कंबर दुखणाऱ्याला ही बरी. आणि धूळ खावी लागत नाही करणाऱ्याला."

त्यांना राग आला असता तर मला सोपे गेले असते. मी इतके दिवस त्यांच्यापासून जे लपवले ते त्यांच्या रागाला भिऊन, असे मी स्वतःला सांगत होतो. त्या दुपारी माझ्या लक्षात आले की, फोमच्या गाद्यांविषयी त्यांच्या मनात राग नव्हताच. लाज होती ती माझ्या मनात. 'मजुरी' आणि 'नोकरी' हे शब्द मी काही गादीमुळे लिहिले नव्हते.

मंगळवारी दुपारी अब्बांनी गादीवर एक कोरा वर्तमानपत्राचा कागद पसरला, त्यावर लाकडी फळी आणि फळीवर विटा ठेवल्या. तासाभराने कागद काढून बोटांत चुरगाळला. तो कुरकुरला. गादीच्या दोन्ही बाजूंना आणि मधोमध, तीन ठिकाणी असे केले. मग मी सोडा भुरभुरला, तासभर ठेवून ओढून घेतला, आणि धुतलेली खोळ चढवली. अब्बांनी वरून एकदा तळहात फिरवला. काही तरी म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते म्हणाले, "घेऊन जा लवकर, पाऊस थांबलाय तोवर."

बाईंनी गादी दाबून पाहिली, वास घेऊन पाहिला आणि "ठीक आहे" म्हणाल्या. डाग पुष्कळ फिका झाला होता, पण गेला नव्हता. तेही मी त्यांना सांगितले. मालकांनी टेंपोचे चारशे रुपये कापून घेतले. चाचणीत मला वीसपैकी नऊ गुण मिळाले. मी अजून तिथेच काम करतो. मात्र आता नव्या मुलांना शिकवायची वेळ आली की 'भिजवू नका' एवढे सांगून मी थांबत नाही. भिजलीच तर काय करायचे तेही सांगतो : आधी आडवी, मग उभी, वजन द्यायचे, धक्का द्यायचा नाही. हे कुठून शिकलास असे एकाने विचारले तेव्हा मी 'वडिलांकडून' असे म्हणालो. ते काय करतात, असे त्याने पुढे विचारले, आणि पुन्हा तोच रकाना माझ्यापुढे उभा राहिला.

येत्या जूनमध्ये तृतीय वर्षाचा अर्ज भरायचा आहे. मागच्या आठवड्यात, अब्बा कामावर निघण्याच्या बेतात असताना, मी त्यांना सरळ विचारले की, या वेळी तुमचा व्यवसाय काय लिहू? मी मनात ठरवून ठेवले होते : 'पिंजारी' लिहीन म्हणून सांगायचे, म्हणजे त्यांना बरे वाटेल.

ते विजार झटकत म्हणाले, "पहारेकरी लिही. पगार त्याचाच येतो. खोटं कशाला लिहायचं?"

माझा विरस झाला. मी काही बोललो नाही. ते शिट्टी आणि विजेरी घेऊन निघून गेले. मी आढ्याला टांगलेल्या पिंजणाकडे पाहिले. तात सैल पडली आहे. दस्त्यावर जिथे त्यांचा अंगठा येतो तिथे लाकडाला खळगा पडला आहे. आजोबांचाही अंगठा तिथेच येत असणार.

साडेदहाच्या सुमारास त्यांचा फोन आला. नेहमी ते कामावरून फोन करीत नाहीत.

"तो रकाना केवढा आहे रे?" त्यांनी विचारले.

"लहानच आहे. दोन बोटं रुंद असेल."

"दोन्ही बसतील का बघ," ते म्हणाले, "बारीक अक्षरात."

मी गेल्या वर्षीच्या अर्जाची प्रत काढून पाहिली. बारीक अक्षरात लिहिले तर बसतात.